वाचणाऱ्या माणसानं गाणं कसं ऐकावं?

सांगलीच्या एका निवृत्त मराठीच्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आयुष्यभर वाचत आलो, कादंबरी, कविता, जुनी नाटकं यांत रमतो, आणि का रमतो तेही सांगता येतं. पण शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत पंधरा-वीस मिनिटं झाली की मन भटकतं. गवई काय सांगतोय ते कळत नाही. पुस्तक समजतं तसं गाणं समजावं म्हणून काय करू? की गाण्यात समजण्यासारखं काही नसतंच, नुसतं सुख असतं?

सर, मी मिरजेत गायन शिकवते आणि हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो, बहुतेक वेळा चांगल्या वाचकांकडूनच. वाचताना वेळ आपल्या ताब्यात असतो, ऐकताना तो गवयाच्या ताब्यात असतो. मैफलीत बसूनही वाचक तो आपल्याच हाती ठेवायला बघतो आणि तिथेच सगळं अडतं. माझं उत्तर एवढंच आहे, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुस्तक वाचताना तुम्ही काय काय करता ते आठवून बघा. अवघड वाक्यापाशी थांबता. लांबलेलं वर्णन भराभर ओलांडता. शंभराव्या पानावर एखादं नाव आलं आणि हा कोण ते आठवेना, की मागची पानं चाळता. एखादी ओळ आवडली तर बोट तिथेच ठेवून खिडकीबाहेर बघत बसता, आणि लेखक थांबून राहतो. वाचकाला अर्थ लागतो तो या मागेपुढे जाण्यातून. इतकी वर्षं हे केल्यावर मनाला एक सवय लागते: समोर आलेलं धरायचं, उलटसुलट करून बघायचं, उमगलं की पुढे जायचं.

गाण्यात ही सवय आड येते. गवयानं गंधारावरून ऋषभावर (‘ग’वरून ‘रे’वर) एक मींड घेतली, म्हणजे आवाज न तोडता तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेला. तुम्ही ती मनात धरून विचारता, ‘हे काय होतं?’ तोवर तो आणखी तीन जागा, म्हणजे स्वरांचे छोटे तुकडे, घेऊन मोकळा झालेला असतो. तुम्ही धावत त्याला गाठता, पुन्हा एक जागा धरता, पुन्हा मागे पडता. पंधरा मिनिटं असं केल्यावर कुणीही दमेल. तुम्ही त्याला मन भटकणं म्हणता. मला तो थकवा वाटतो. तुम्ही आळसानं ऐकत नाही, उलट फार जोर लावून ऐकता, फक्त तो जोर वाचनाचा असतो.

आता दिलाशाची गोष्ट. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही हे गाणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून पान उलटण्याची सोय त्यांनी गाण्यातच केली आहे. ख्यालात, म्हणजे राग विस्तारानं मांडण्याच्या गायनप्रकारात, बंदिशीचा (बांधलेल्या गीताचा) मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, तालाच्या प्रत्येक आवर्तनाच्या (फेरीच्या) शेवटी परत येतो आणि समेवर, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. कादंबरीकारानं दर पानाच्या शेवटी तेच वाक्य लिहिलं तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल. ख्यालात मात्र त्या परत येण्यावर सगळा डोलारा उभा असतो. मधल्या आवर्तनात काय घडून गेलं त्यानुसार तोच मुखडा दर वेळी वेगळा ऐकू येतो: नुकता निषाद (नी) लागला असेल तर एक रंग, पहिल्यांदा पंचमाला (प) स्पर्श झाला असेल तर दुसरा. म्हणून मन भटकलं तर भटकू द्या. कादंबरीत दहा पानं लक्ष नसेल तर कथानक हातून जातं. ख्यालात पुढच्या मुखड्याला तुम्हाला पुन्हा आत येता येतं. अपराधी वाटून घ्यायचं कारणच नाही.

मात्र सम कुठे आहे हे कळलं पाहिजे, नाहीतर ते परत येणं ऐकूच येत नाही. त्यासाठी एक सोपी खूण सांगते, माझ्याकडे नव्यानं येणाऱ्या मोठ्या माणसांना मी पहिल्यांदा हीच देते. विलंबित (संथ लयीतला) ख्याल पुष्कळदा एकतालात असतो. एकतालाच्या मात्रा 12, आणि बोल असे: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत्‌ ता, धागे तिरकिट धी ना. यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. लय कितीही संथ असली तरी तबल्यावरचं तिरकिट दाटीचं असतं, ते कानाला वेगळं लागतं. दुसऱ्या तिरकिटनंतर दोनच मात्रा, धी आणि ना, मग सम. दोन तिरकिटांतलं पहिलं कोणतं आणि दुसरं कोणतं हा घोळ सुरुवातीला होतोच. दुसऱ्याच्या आसपास गवई मुखड्याकडे वळू लागतो, त्यावरून ओळखायचं. गाणं ‘समजण्याचा’ प्रयत्न बाजूला ठेवा आणि काही दिवस फक्त तिरकिटची वाट बघा. ही वाट बघणं हेच ऐकणं आहे. समेवर सभागृहातल्या शंभर माना एकदम का हलतात ते त्या दिवशी कळेल, कारण तुमचीही हललेली असेल.

वाट बघण्याबद्दल आणखी थोडं, कारण माझ्या मते साहित्य आणि संगीत जिथे सर्वांत जवळ येतात आणि जिथून दूर जातात ती हीच जागा आहे. किराणा घराण्याच्या पद्धतीची संथ बढत, म्हणजे रागाचा एकेक स्वर सावकाश उलगडत जाणं, ऐका. गवई षड्‌जाभोवती (‘सा’भोवती) फिरतो, खाली मंद्र सप्तकात जातो, परत येतो, ऋषभाशी थांबतो, गंधार नुसता सुचवतो आणि मागे फिरतो. असं बराच वेळ चालतं आणि मग कधीतरी गंधारावर तो पूर्ण स्थिरावतो. कादंबरीतही मुख्य पात्राचं आगमन असं लांबवता येतं. आधी त्याची चर्चा, मग चाहूल, मग प्रवेश. पण वाचकाला कळ निघाली नाही तर तो पानं उलटून पुढे बघू शकतो. श्रोत्याला ती मुभा नाही. त्याला ती सगळी मिनिटं आपल्या अंगावर काढावी लागतात, आणि गंधाराचं सुख त्या काढलेल्या मिनिटांचंच असतं. ध्वनिमुद्रण पुढे सरकवून थेट गंधारावर गेलात तर तिथे नुसता एक स्वर भेटेल, बाकी काही नाही.

आता अर्थाबद्दल. गाण्यात समजण्यासारखं काही नसतं का, असं तुम्ही विचारलंत. असतं, भरपूर असतं, पण ते गाण्याबाहेरच्या कशाकडे बोट दाखवत नाही. ‘नदी’ हा शब्द वाचला की तुमच्या डोळ्यांपुढे कृष्णा येते, हरिपूरचा संगम येतो, 2019 चा पूरही येतो. शब्द स्वतः बाजूला सरतो आणि वस्तू पुढे येते. गंधार ऐकला की काय पुढे येतं? गंधारच. तो षड्‌जापासून किती दूर आहे, कुठून आला, कुठे जाऊ बघतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो लहान अर्थ नाही.

भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध, सगळे शुद्ध. मध्यम (म) आणि निषाद दोन्हींत वर्ज्य, म्हणजे लागतच नाहीत. कागदावर लिहिले तर फरक दिसत नाही. गाताना भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. तो खालच्या अंगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) मोकळेपणी फिरतो, शांत असतो, संध्याकाळ उतरल्यावर गायचा. देशकाराचा वादी धैवत (ध). तो वरच्या अंगात राहतो, ऋषभावर रेंगाळत नाही, सकाळचा राग. त्याच पाच स्वरांतल्या कुणाला मान दिला आणि कुणापाशी थांबलं यावरून दोन निराळी व्यक्तिमत्त्वं उभी राहतात. तुम्ही तर भाषेचे शिक्षक. वाक्यात कशावर जोर दिला यानं अर्थ पालटतो हे तुम्ही वर्गात शिकवलेलं आहे. तिथे जोर पालटला तरी शब्दांचे आपले अर्थ जाग्यावर राहतात. इथे जोर आणि थांबणं एवढंच असतं, त्याच्याखाली दुसरा कोणता अर्थ नसतो. भूप ओळखायला तुम्हाला नव्यानं काही शिकावंही लागणार नाही. गीतरामायणातलं पहिलंच गीत भूपात आहे. माडगूळकर आपल्या जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे, 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ती 56 गीतं गेली, तुमच्या पिढीच्या कानांत ती पक्की बसलेली आहेत. ते गीत एकदा शब्द सोडून नुसतं गुणगुणा. शब्द काढल्यावर जे उरतं त्याच्याशी तुमची पहिली ओळख अशी व्हावी असं मला वाटतं.

यावर तुम्ही म्हणाल, मग बंदिशीला शब्द तरी कशाला? शब्द लागतात, पण त्यांचं काम वेगळं असतं. इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. 1872 मध्ये कैरान्यात जन्मलेला हा माणूस मिरजेचा झाला, 1937 मध्ये गेला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी जुन्या तबकडीवर आहे. तबकडीच्या एका बाजूला मावतील तेवढीच, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. शब्दांत सांगायचं तर मजकूर एवढाच, की प्रियाविना चैन पडत नाही. वाचायला दोन क्षण लागतात, आणि वाचक म्हणून तुम्ही म्हणाल की यात नवीन काय. विरहाचं याहून कितीतरी उत्तम काव्य मराठीत आहे. खरंच आहे. आता ती तबकडी ऐका. ‘चैन पडत नाही’ ही बातमी तिथे कुणी देत नाही. ती अस्वस्थता स्वर लावण्यात आहे. स्वर टेकतो न टेकतो तोच हलतो, परत येतो, पुन्हा हलतो. शब्द त्या स्वरांना अक्षरांचा आधार देतात, मुखडा लक्षात ठेवायला मदत करतात, आणि एक दिशा सुचवून बाजूला होतात. खाँसाहेबांच्या तबकड्यांनी गदगच्या एका लहान मुलाला वेड लावलं आणि पुढे तो मुलगा त्यांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, शिकला. ते भीमसेन जोशी. त्या वयात त्या मुलाला ब्रज भाषेतल्या विरहाचं काय कळलं असेल? त्याला कळलं ते निराळंच होतं, आणि ते पूर्ण कळलं होतं.

म्हणून बंदिशीचा अर्थ आधी शोधत बसू नका. तो नंतर कुणालाही विचारता येतो.

सांगलीच्या माणसाला शब्द आणि स्वर यांचं नातं नाटकावरून फार चांगलं उमगेल, कारण ही ओढाताण आपल्या मातीतच झाली आहे. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, त्यात पदं सूत्रधार म्हणे आणि पात्रं आपापलं बोलत. पुढे पात्रंच गाऊ लागली. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ 1899 चं. तुम्ही ते वाचलं असेल, शिकवलंही असेल. वाचताना पदं कथेबरोबर चालतात. पद वगळलं तर प्रसंग लंगडा पडतो. पण रंगभूमीवर तेच पद एखाद्या तयारीच्या गायकानं घेतलं की काय होतं? कथा थांबते. नायिकेचं दुःख जिथल्या तिथे उभं राहतं आणि त्याच एका ओळीवर आलापी सुरू होते. नाटकाचा वेळ पुढे जायला बघतो, गाण्याचा वेळ तिथेच गोल फिरायला बघतो. 1905 मध्ये मिरजेतच किर्लोस्कर मंडळींच्या शाकुंतलात बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले, आणि पुढे त्यांच्या पदांना इतके वन्समोअर पडत की प्रयोग पहाटेपर्यंत चालत. पुष्कळ समीक्षकांनी याला नाटकाची हानी म्हटलं आहे. नाट्यसंहितेच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबर आहे. मला मात्र वन्समोअर ही फार समजूतदार गोष्ट वाटते. निसटून गेलेलं पान श्रोत्यानं पुन्हा मागितलेलं आहे, आणि ते मागण्याचा त्याच्याकडे तेवढा एकच मार्ग आहे. शिवाय त्याला नेमकं तेच परत मिळतही नाही. गायक दुसऱ्यांदा वेगळं काही देऊन जातो, आणि श्रोत्यालाही ते हवंच असतं.

हा पुढचा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. तुमच्या कपाटातली कादंबरी तुम्ही वाचत नसतानाही पूर्ण आहे. स्वस्त कागदावरची आवृत्ती असो नाहीतर कापडी बांधणीची, मजकूर तोच. भूप राग कुठे आहे? कोणत्याही कपाटात नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली तालीम मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे घेतली, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं कागदावर उतरवण्यासाठी स्वरलिपी तयार केली. भातखंड्यांनी आपली वेगळी लिपी केली आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत शेकडो बंदिशी छापल्या. या दोघांचे आमच्यावर अपार उपकार आहेत. त्यांच्यामुळे माझ्यासारख्या घराण्याबाहेरच्या मुलीला गाणं शिकता आलं. पण स्वरलिपी वाचणं हे गाणं ऐकणं होत नाही. परीक्षेला बसणारी मुलं रागाचे वादी-संवादी, पकड, समय सगळं लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि तोच राग पेटीवर वाजवला तर ओळखत नाहीत. त्यांनी राग वाचलेला असतो.

गाणं त्याच्या वस्तूपासून सोडवताच येत नाही. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचं लाकूड, घोडी आणि तारा यांतून मिरजेचा तंबोरा होतो. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, खुलते किंवा मिटते. जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाच्या (खालच्या ‘सा’च्या) तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा, दोन सप्तकं वरचा तो स्वर त्या एका तारेतच असतो. हा स्वयंभू गंधार ज्याच्या कानाला लागला तो भूपाचा गंधार वेगळ्या तऱ्हेनं गातो आणि वेगळ्या तऱ्हेनं ऐकतो. कादंबरीच्या शाईचा वाचकाच्या आकलनावर असा परिणाम होत नाही.

एका बाबतीत मला तुमच्या बाजूनंही बोललं पाहिजे. साहित्य म्हणजे मुकाट्यानं एकट्यानं वाचायचं पुस्तक, ही व्यवस्था मराठीत फार जुनी नाही. ओवी जात्यावर गाइली गेली, अभंग टाळ-मृदंगावर म्हटला गेला, पोवाडा डफावर आला, ज्ञानेश्वरीचं पारायण आजही आवाजात होतं. पारायणातली ओवी तुम्हाला थांबवून धरता येत नाही, ती पुढे जाते, आणि अर्थ सगळा लागला नाही तरी माणूस उठून जात नाही. तेव्हा ऐकण्याची ही रीत तुम्हाला परकी नाही. लहानपणी देवळातल्या कीर्तनाला बसला असाल तर ती तुमच्यात आहे, वाचनानं फक्त झाकली गेली आहे.

कीर्तनात आणि मैफलीत आणखी एक गोष्ट असते जी वाचकाला मिळत नाही: शेजारचा माणूस. लेखकाला त्याचं वाक्य तुम्हाला आवडलं हे कधीच कळत नाही. गवयाला त्याच क्षणी कळतं, आणि त्यानं गाणं बदलतं. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गायन-वादन होतं. तिथे कलाकार समोरच्या ‘वा’कडे बघून एखादी जागा पुन्हा घेतो, वाढवतो, किंवा दाद चुकीच्या ठिकाणी पडली तर ती जागा सोडूनही देतो. अशा वेळी श्रोता गाण्याच्या आत असतो. सुरुवातीला जाणत्या श्रोत्याशेजारी बसावं असं मी आवर्जून सांगते. कान कुठे टवकारायचे ते त्याच्या मानेवरून कळतं.

आता करायचं काय. महिनाभर एकच राग, आणि त्यातही एकच ध्वनिमुद्रण ऐका. भूपच घ्या, विलंबित एकतालातला ख्याल, संध्याकाळी. नव्या नव्या गायकांच्या मागे इतक्यात जाऊ नका. वाचक माणसाला नवं पुस्तक उघडायची ओढ असते, गाण्यात पुनरावृत्तीच कामाची. सुरू करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं नुसता तंबोरा लावा आणि षड्‌ज मनात गुणगुणा. आवाज काढायला संकोच वाटत असेल तर ओठ मिटून. षड्‌ज हरवला नाही तर बाकीचे स्वर आपोआप जागेवर ऐकू येतात. पहिल्या आठवड्यात फक्त सम शोधा. मग गंधार कधी येतो त्याची वाट बघा. हातात पुस्तक, मोबाईल काही नको, आणि रागाच्या रसाबद्दल काही वाचूही नका; तुम्ही हाडाचे वाचक आहात, वाचलेलं ऐकू यायला लागेल आणि स्वतःचं ऐकणं बाजूला राहील. महिन्यानंतर त्याच वेळी देशकार लावू नका, तो सकाळी लावा, आणि त्याच पाच स्वरांत काय निराळं घडलं ते मला तुमच्या शब्दांत लिहून कळवा. तुमच्याकडे शब्द आहेत, आम्हा गाणाऱ्यांकडे ते कमी असतात. मला ते वाचायला आवडेल.